कॅस्केड इम्पॅक्टर आणि कणांचे ‘आकारमान’ : एक चिकित्सा

हवेतील धुळीच्या मापनाचा विचार करणाऱ्या पाठ्यपुस्तकांत कॅस्केड इम्पॅक्टर ह्या उपकरणाचे वर्णन बहुधा एका वाक्यात आटोपलेले असते. हे उपकरण हवेतील कणांचे आकारमानानुसार वर्गीकरण करते आणि प्रत्येक वर्ग वेगळ्या तबकडीवर गोळा करते, एवढे सांगितले की विषय पुढे सरकतो. वाक्य सुटसुटीत आहे, परीक्षेत लिहिण्यास सोयीचे आहे, आणि वरवर पाहता निर्दोषही आहे. परंतु त्यातील ‘आकारमान’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे, ह्याचा उलगडा तेथे क्वचितच केलेला आढळतो. तो उलगडा न झाल्यामुळे उपकरणाने दिलेल्या आकड्यांना, ते ज्याची साक्ष देत नाहीत अशा गोष्टीची साक्ष द्यावी लागते. प्रस्तुत लेखात ह्या एका वाक्याची चिकित्सा करावयाची आहे.

चिकित्सेसाठी भंडारा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्याचे कारण केवळ सान्निध्य हे नव्हे. ह्या एका जिल्ह्यात परस्परांहून अगदी भिन्न स्वभावाच्या तीन धुळी एकत्र आलेल्या आहेत. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. पहिली भूमिगत, दुसरी उघडी. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायॉक्साइडयुक्त खनिज शुष्क विद्युत्घटांच्या धंद्यात वापरले जाते. जिल्ह्याच्या गावोगावी तेंदूपत्त्यात तंबाखू भरून विड्या वळण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख असल्यामुळे भातगिरण्यांचा कोंडा व भुसा येथील हवेत नवा नाही. खनिजाची धूळ जड व कठीण, तंबाखूची हलकी व काहीशी चिकट, कोंड्याची विरळ व ओबडधोबड. कणांचे ‘आकारमान’ मोजू पाहणाऱ्या उपकरणाची कसोटी लागावयाची तर ती अशाच ठिकाणी लागेल.

१. उपकरणाची रचना

उपकरणाचे तत्त्व साधे आहे. पंपाने ओढलेली हवा एका छिद्रातून किंवा चिरेतून झोताच्या रूपाने बाहेर पडते. झोतासमोर थोड्या अंतरावर एक तबकडी ठेवलेली असते. हवेला तबकडीतून जाता येत नाही, म्हणून ती काटकोनात वळून बाजूने निसटते. हवेबरोबर वाहणाऱ्या कणालाही वळावयाचे असते. पण प्रत्येक कणाला आपले जडत्व असते. ज्याचे जडत्व हवेच्या ओढीला पुरून उरते तो कण वळण चुकवून सरळ जातो व तबकडीवर आदळतो. ज्याचे जडत्व कमी तो हवेबरोबर वळतो व पुढे जातो.

पुढच्या टप्प्यात छिद्र अधिक बारीक असते. तितकीच हवा अधिक अरुंद वाटेने जावयाची असल्यामुळे झोताचा वेग वाढतो, वळण अधिक तीव्र होते, आणि आधीच्या तबकडीला हुलकावणी देऊन आलेले काही कण येथे सापडतात. असे चार, सहा किंवा आठ टप्पे एकाखाली एक रचले आणि शेवटी उरलेल्या कणांसाठी गाळणकागद लावला, की उपकरण पूर्ण झाले.

हा विचार आकड्यांत मांडता येतो. एखादा कण दिलेल्या वेगाने स्थिर हवेत सोडला, तर थांबण्यापूर्वी तो जेवढे अंतर कापील त्याला त्याचे विरामांतर म्हणू. ह्या विरामांतराचे झोताच्या त्रिज्येशी असलेले गुणोत्तर म्हणजे स्टोक्स अंक. गोल छिद्राच्या टप्प्यात हा अंक सुमारे ०·२४ झाला की निम्मे कण तबकडीवर अडकतात आणि निम्मे निसटतात. म्हणजे विरामांतर झोताच्या त्रिज्येच्या केवळ एक चतुर्थांश झाले तरी पुरते. लांबट चिरेच्या बाबतीत (तेथे चिरेची अर्धी रुंदी त्रिज्येच्या जागी धरतात) हाच अंक ०·५९च्या आसपास येतो. अर्धे अडकणे व अर्धे निसटणे ज्या व्यासाला घडते त्याला त्या टप्प्याची छेदमर्यादा म्हणतात.

हे केवळ तात्त्विक गणित नव्हे, ह्याची खात्री विद्यार्थ्याला स्वतः करून घेता येईल. अँडरसन ह्यांनी १९५८ साली जीवाणुयुक्त कणांसाठी प्रसिद्ध केलेल्या सहा टप्प्यांच्या उपकरणात प्रत्येक टप्प्याला ४०० छिद्रे आहेत आणि मिनिटाला २८·३ लिटर, म्हणजे एक घनफूट, हवा त्यातून जाते. पहिल्या टप्प्याच्या छिद्राचा व्यास १·१८ मिलिमीटर आहे. त्यावरून झोताचा वेग सेकंदाला सुमारे १·०८ मीटर निघतो. सहाव्या टप्प्याचे छिद्र ०·२५ मिलिमीटरचे आहे. तेथे वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर होतो. स्टोक्स अंक ०·२४ धरून गणित केले तर पहिल्या टप्प्याची छेदमर्यादा सुमारे ६·५ मायक्रॉन आणि सहाव्याची, हवेच्या रेणूंमधून होणाऱ्या घसरणीची दुरुस्ती केल्यावर, सुमारे ०·५६ मायक्रॉन येते. ह्या टप्प्यांसाठी रूढ असलेले आकडे ७·० व ०·६५ मायक्रॉन असे आहेत. एवढ्या साध्या गणिताने इतके जवळ पोहोचता येते, ही ह्या उपकरणाची मोठीच जमेची बाजू होय. त्याच्यावरील आक्षेप तपासताना तिचा विसर पडू देता कामा नये.

२. चाळणी आणि उफणणी

आता मूळ वाक्याकडे वळू. आकारमानानुसार वर्गीकरण म्हटले की मनापुढे चाळणी उभी राहते. चाळणीचे काम खरोखरच आकारमानाचे आहे. भोकापेक्षा मोठा तो वर, लहान तो खाली. कणाचे वजन किती, तो पोकळ की भरीव, ह्याच्याशी चाळणीला कर्तव्य नाही. एकाखाली एक ठेवलेल्या, क्रमाने बारीक होत गेलेल्या छिद्रांचे चित्र पाहून कॅस्केड इम्पॅक्टर म्हणजे चाळण्यांची उतरंड, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ही समजूत मात्र मुळातच चुकीची आहे. १·१८ मिलिमीटरच्या छिद्रातून सात मायक्रॉनचा कण अडखळत जात नाही. छिद्र त्याच्याहून दीडशे पटींनी मोठे आहे. छिद्र कणाला अडवीत नाही, ते केवळ हवेला वेग देते.

ह्या उपकरणाचे खरे नाते खळ्यावरील उफणणीशी आहे. धान उफणताना पोचट दाणा आणि भरीव दाणा आकाराने सारखेच असतात. कोणतीही चाळणी त्यांना वेगळे करू शकणार नाही. वारा मात्र करतो. भरीव दाणा पायाशी पडतो, पोचट दूर जातो. वाऱ्याने येथे जे पाहिले ते आकारमान नव्हे. दाण्याचा जडपणा आणि त्याला होणारा हवेचा विरोध ह्यांतील तोल त्याने पाहिला. इम्पॅक्टरही तेच पाहतो.

तथापि ह्यावरून ‘उपकरण वजनानुसार वर्गीकरण करते’ असे म्हणणे ही दुसरी चूक ठरेल. वर उल्लेखिलेल्या धुळींचे उदाहरण घेऊ. पायरोल्युसाइट ह्या मँगनीज खनिजाची घनता पाण्याच्या सुमारे पाचपट असते. २ मायक्रॉन व्यासाचा त्याचा गोल कण हवेत जसा वागतो, तसाच पाण्याइतक्या घनतेचा ४·५ मायक्रॉन व्यासाचा गोल कण वागतो. कारण व्यासाला घनतेच्या वर्गमूळाने गुणावे लागते आणि पाचाचे वर्गमूळ २·२४ आहे. तंबाखूच्या धुळीची घनता सोयीसाठी पाण्याइतकी धरली, तर खनिजाचा २ मायक्रॉनचा कण आणि तंबाखूचा ४·५ मायक्रॉनचा कण एकाच तबकडीवर शेजारी येऊन बसतील. त्यांच्याबरोबर गारगोटीचा, २·६५ घनतेचा, सुमारे २·८ मायक्रॉनचा कणही बसेल. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला तबकडीवर लहानमोठ्यांची सरमिसळ दिसेल आणि उपकरण बिघडले की काय, अशी शंका येईल. वजन करणाऱ्याचीही तीच गत. तंबाखूच्या त्या कणाचे घनफळ खनिजाच्या कणाच्या अकरापटींहून अधिक आणि वजन दुपटीहून अधिक भरते. आकारमान सारखे नाही, वजनही सारखे नाही. सारखे आहे ते फक्त हवेतील वर्तन.

ह्या वर्तनालाच वायुगतिकीय व्यास असे नाव आहे. कोणताही कण स्थिर हवेत ज्या वेगाने खाली बसतो, त्याच वेगाने बसणाऱ्या, पाण्याच्या घनतेच्या गोलाचा जो व्यास, तो त्या कणाचा वायुगतिकीय व्यास. वरील तिन्ही कण सेकंदाला सुमारे ०·६ मिलिमीटर ह्या गतीने खाली येतील. दीड मीटर उंचीवरून, माणसाच्या तोंडाच्या पातळीवरून, जमिनीवर येण्यास त्यांना निश्चल हवेतही सुमारे चाळीस मिनिटे लागतील. वायुगतिकीय व्यास हा कणाचा व्यास नव्हे; त्याच्या वर्तनाला व्यासाच्या भाषेत दिलेले नाव आहे. मूळ वाक्यात ‘आकारमानानुसार’ ह्याऐवजी ‘वायुगतिकीय व्यासानुसार’ असे घातले की ते शुद्ध होते. पण ही शुद्धी शब्दांपुरती राहिली तर व्यर्थ आहे. तिचे परिणाम मापनाच्या प्रत्येक पायरीवर उमटले पाहिजेत.

३. मे ह्यांचा निबंध आणि नंतरची परंपरा

झोत आणि तबकडी ही जोडी कॅस्केड इम्पॅक्टरच्या बरीच आधीची आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत कोत्झे ह्यांनी १९१६ साली प्रचारात आणलेला कोनिमीटर हा एका झोताचाच आघातक होता. चिकट काचेवर हवेचा एक फटकारा मारावयाचा आणि उमटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे, अशी त्याची रीत. त्यात कणांची संख्या मिळे. वर्तनाचा क्रम मिळत नसे.

तो क्रम के. आर. मे ह्यांनी आणला. इंग्लंडमधील पोर्टन येथील संरक्षणविषयक प्रयोगकेंद्रात काम करीत असता त्यांनी चार झोतांचे उपकरण बनविले व त्याचे वर्णन १९४५ साली प्रसिद्ध केले. ह्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी उपकरणाला ‘स्थूल’ वायुकलिलांचे नमुने घेण्याचे साधन म्हटले आहे. हे विशेषण सहज पडलेले नाही. कोणत्या प्रकारच्या कणांसाठी साधन योग्य आहे, ह्याची मर्यादा कर्त्यानेच पहिल्या ओळीत घालून दिली आहे. पुढील काळात उपकरणाचे नाव सर्वत्र पसरले आणि विशेषण मात्र मागे राहिले. शास्त्रीय साधनांच्या इतिहासात असे नेहमीच घडते. पण समीक्षकाने ते नोंदविले पाहिजे.

रँझ व वाँग ह्यांनी १९५२ साली आघाताच्या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास मांडला. त्यानंतर मिनेसोटा येथे मार्पल ह्यांनी झोताच्या प्रवाहाची समीकरणे संगणकाने सोडविली आणि १९७४ साली लिऊ ह्यांच्यासह ती प्रसिद्ध केली. ह्या कामामुळे छिद्राचा व्यास, तबकडीचे अंतर व वेग ह्यांचे नाते आधी ठरवून मग उपकरण बनविणे शक्य झाले. तोवर आधी उपकरण बनवून मग त्याची छेदमर्यादा शोधण्याचा प्रघात होता. मापनशास्त्राच्या दृष्टीने हा फरक मूलगामी आहे. परंतु ह्या गणिताने सोडविला तो कण तबकडीपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न. पोहोचलेला कण तेथे राहतो की नाही, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. उपकरणावरील सर्वांत गंभीर आक्षेप नेमका तेथून सुरू होतो.

४. आदळलेला कण टिकतो काय?

कोरडा, कठीण कण कोऱ्या धातूच्या तबकडीवर वेगाने आदळला तर तो चेंडूप्रमाणे उसळतो. उसळलेला कण हवेच्या प्रवाहात पुन्हा सापडतो व पुढच्या टप्प्याकडे जातो. तेथे झोताचा वेग अधिक असल्याने उसळण्याचा संभवही अधिक. अशा रीतीने एखादा स्थूल कण पायऱ्या उतरत थेट शेवटच्या गाळणकागदापर्यंत जाऊ शकतो. तेथे त्याचे वजन अतिसूक्ष्म कणांच्या खात्यात जमा होते. एक मायक्रॉनच्या एक हजार कणांचे वजन दहा मायक्रॉनच्या एका कणाएवढे असते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा थोड्याशा घुसखोरांनीही सूक्ष्म धुळीचा आकडा किती फुगेल, ते ध्यानात येईल.

ह्यावर उपाय म्हणून तबकडीला तेलाचा किंवा ग्रीजचा पातळ थर देतात. उपाय गुणकारी आहे, पण अमर्याद नाही. थर धुळीने झाकला गेला की नवे कण ग्रीजवर नव्हे, आधीच्या कणांवर आदळू लागतात, आणि उसळणे पुन्हा सुरू होते. म्हणून नमुना थोडा वेळच घ्यावा लागतो. थोडा वेळ घेतला की तबकडीवरील धूळ इतकी कमी भरते की साध्या तराजूला ती कळत नाही, आणि ग्रीजच्या वजनातील फरकच धुळीच्या वजनाएवढा होण्याची भीती असते. हा पेच सोडविण्याचा चांगला मार्ग म्हणजे तबकडीवरील एकूण धूळ न तोलता तीतील इष्ट मूलद्रव्य रासायनिक पद्धतीने मोजणे. मँगनीजच्या बाबतीत अणुशोषण वर्णपटमापनाने हे सहज साधते.

येथे भंडाऱ्याच्या तीन धुळींमधील भेद पुन्हा महत्त्वाचा ठरतो. पायरोल्युसाइटचा कोरडा कण उसळण्यास तत्पर असतो. तंबाखूचा दमट, चिकट कण त्या मानाने आदळलेल्या जागी बसतो. म्हणजे उपकरणाचा दोष सर्व धुळींना सारखा लागू पडत नाही. एकाच उपकरणाने खाणीत व विडीच्या कारखान्यात घेतलेल्या नमुन्यांची तुलना केली आणि खाणीतील धूळ अधिक सूक्ष्म आहे असा निष्कर्ष निघाला, तर त्या निष्कर्षात धुळीचा वाटा किती आणि उसळण्याचा किती, हे आधी विचारावे लागेल. ऋतूचाही प्रश्न आहे. वैशाखात हवा कोरडी असताना जे कण उसळतात, तेच आषाढातील दमट हवेत तबकडीला धरून राहतात. ऋतुमानाने धूळ बदलली की मापन बदलले, हे ठरविण्यासाठी हवेतील आर्द्रतेची नोंद नमुन्याबरोबर असलीच पाहिजे.

टप्प्यांमधील भिंतींवर चिकटून बसणाऱ्या कणांचाही हिशेब राहतो. हे नुकसान मुख्यतः स्थूल कणांचे असते. काही कण तर उपकरणाच्या तोंडातच शिरत नाहीत; वाऱ्याचा वेग व शोषणाचा वेग जुळला नाही की स्थूल कण तोंडाशी येऊन बाजूने निघून जातात. उघड्या खाणीत, जेथे वारा मोकळा वाहतो, तेथे ह्या कारणाने स्थूल धुळीचे प्रमाण कमी दिसेल. वरील उसळणे व येथील गळती ह्या दोहोंचा रोख एकाच दिशेला आहे: खरी धूळ असते त्याहून अधिक सूक्ष्म भासते.

५. सहा आकडे आणि एक वक्ररेषा

तबकड्यांवरून आकडे मिळाल्यानंतर अभ्यासक त्यांपासून कणवितरणाची वक्ररेषा काढतो. येथे गृहीतके गुपचूप आत शिरतात. कोणत्याही टप्प्याची छेदमर्यादा सुरीच्या धारेसारखी नसते. मर्यादेच्या थोडे वरचे काही कण निसटतात, थोडे खालचे काही अडकतात. म्हणून प्रत्येक आकडा ही शेजारच्या वर्गांची मिसळण असते. सहा आकड्यांवरून सलग वक्ररेषा शोधणे म्हणजे सहा समीकरणांतून अगणित अज्ञाते काढू पाहणे. अशा प्रश्नाला एक उत्तर नसते, अनेक असतात. टुमी ह्यांनी १९७५ साली ह्या उलट्या गणितासाठी क्रमशः सुधारणेची रीत सुचविली, परंतु तीही आरंभीच्या अंदाजापासून पूर्णपणे मुक्त नाही.

रूढ मार्ग ह्याहून सोपा आहे. वितरण लॉगप्रसामान्य आहे असे धरून संभाव्यता-कागदावर बिंदू मांडावयाचे, त्यांतून सरळ रेषा ओढावयाची आणि मध्यम व्यास व प्रसरण हे दोन आकडे कळवावयाचे. एका उगमाच्या धुळीला हे बऱ्याच अंशी लागू पडते. पण खाणीच्या हवेत वेधनाची स्थूल धूळ आणि डिझेल यंत्रांचा अतिसूक्ष्म धूर असे दोन उगम एकत्र असतील, तर वितरणाला दोन शिखरे असतात. हवेतील कणांची अशी बहुशिखरी रचना व्हिटबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात स्पष्ट केली. दोन शिखरांमधून ओढलेली सरळ रेषा असा ‘मध्यम’ व्यास देते की ज्या व्यासाचे कण हवेत कदाचित सर्वांत कमी असतील. आकडा नेटका असतो. त्याच्यामागे वस्तू नसते. तेव्हा प्रत्येक तबकडीवरील मूळ आकडे निबंधात छापणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय. सारांश द्यावा, पण साक्षीदाराला दडवून नव्हे.

६. फुप्फुसाची उपमा

अँडरसन ह्यांच्या उपकरणाबरोबर एक चित्र पुष्कळदा छापले जाते. त्यात वरचे टप्पे नाक व घशाशी, मधले श्वासनलिकांशी आणि खालचे वायुकोशांशी जोडून दाखविलेले असतात. चित्र अध्यापनास उपयुक्त आहे आणि त्यात तथ्यही आहे; नाकातील व श्वासनलिकेच्या फाट्यांवरील स्थूल कणांचे अडकणे हे जडत्वाचेच कार्य आहे. म्हणूनच श्वसनीय धुळीची व्याख्याही वायुगतिकीय व्यासावरच उभी आहे. जोहान्सबर्ग येथील १९५९च्या परिषदेत स्वीकारलेल्या व्याख्येत पाच मायक्रॉनला निम्मे कण मोजले जात. १९९५च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात ही मर्यादा चार मायक्रॉनवर आली.

परंतु उपमा खालच्या टप्प्यांकडे जाताना लंगडी पडते. फुप्फुसाच्या खोल भागात हवा अगदी संथ असते. तेथे जडत्वाचा प्रभाव उरत नाही. कण बसतात ते गुरुत्वाने, आणि अतिसूक्ष्म कण रेणूंच्या धक्क्यांनी भटकत भिंतीला लागून. ०·३ ते ०·५ मायक्रॉनच्या आसपासचे कण दोन्ही मार्गांनी कमीच बसतात आणि बरेचसे उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात. उपकरणात मात्र उरलेले सर्व कण अखेरच्या गाळणकागदावर निमूटपणे गोळा होतात. शिवाय उपकरण एकाच गतीने सतत हवा ओढते. माणूस श्वास घेतो आणि सोडतो, आणि घमेले उचलताना तो बसलेल्या माणसाहून कितीतरी अधिक हवा ओढतो. श्वासमार्गातील दमट हवेत आर्द्रताशोषक कण फुगतात, तंबाखूच्या धुराचे कणही त्यांत आले. कोरड्या उपकरणात ते फुगत नाहीत. तात्पर्य, इम्पॅक्टर कण कोठवर पोहोचू शकेल हे सांगतो. तो कोठे बसेल हे सांगत नाही. पहिल्याला दुसरे समजणे हा ह्या विषयातील सर्वांत प्रचलित तर्कदोष आहे.

७. मग हे उपकरण कशासाठी?

एवढे आक्षेप घेतल्यावर उपकरण टाकून द्यावे, असा अर्थ कोणी काढील तर तो विपरीत होईल. ह्या उपकरणाशिवाय चालत नाही, म्हणूनच त्याची एवढी चिकित्सा करावयाची.

मँगनीजच्या धुळीचे उदाहरण पाहू. मँगनीज डायॉक्साइड दळणाऱ्या कामगारांत हातापायांचे बळ जाणे, चाल बिघडणे अशी लक्षणे ग्लासगो येथे जॉन कूपर ह्यांनी १८३७ सालीच नोंदविली होती. भारतात १९५२च्या खाण अधिनियमाखाली मज्जासंस्थेची मँगनीज विषबाधा हा कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरविण्यात आला होता. हा विष पोटातून शरीरात फारच थोडा शिरतो. गिळलेल्या मँगनीजचा अगदी लहान अंशच रक्तात जातो. धोका आहे तो फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जाणाऱ्या कणांचा. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली मँगनीजसाठी घनमीटरला ०·०२ मिलिग्रॅम (श्वसनीय अंश) आणि ०·१ मिलिग्रॅम (नाकातोंडातून आत जाणारा अंश) अशा दोन वेगळ्या मर्यादा सुचविल्या, त्या ह्याच विचाराने. मर्यादाच अंशांच्या भाषेत बोलू लागली असता एकूण धुळीच्या वजनाचा एकच आकडा निरुत्तर होतो.

समजा, दोन ठिकाणच्या हवेत घनमीटरला सारखेच मँगनीज आहे. पहिल्या ठिकाणी ते खडी फोडताना उडालेल्या स्थूल धुळीत आहे, दुसऱ्या ठिकाणी फेरोमँगनीजच्या भट्टीतून निघालेल्या, मायक्रॉनहून बारीक धुरात आहे. तराजूच्या दृष्टीने दोन्ही कामगार समान. प्रत्यक्षात पहिल्याच्या नाकाघशात अडकणारे दुसऱ्याच्या वायुकोशांपर्यंत जाणार आहे. हा भेद दाखविणारे साधन म्हणजे टप्प्याटप्प्याने गोळा करणारे हे उपकरण. नागपूरसारखे खाणशास्त्राचे व पर्यावरणसंशोधनाचे केंद्र हाकेच्या अंतरावर असताना तुमसर तालुक्यातील धुळीचा विचार केवळ एकूण वजनावर थांबू नये, अशी अपेक्षा धरणे अवाजवी नव्हे.

विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. तंबाखूची पाखडलेली धूळ बहुतांशी स्थूल. ती नाकाघशात अडकते. पण नाकाघशात अडकलेला तंबाखू निरुपद्रवी नसतो. निकोटीन तेथील ओल्या त्वचेतूनही शोषले जाते. म्हणजे मँगनीजच्या खाणीत खालच्या तबकड्या महत्त्वाच्या, तर विडीच्या कामाच्या जागी वरच्या तबकड्यांकडेही तितकेच लक्ष हवे. कोणता टप्पा घातक, हे उपकरण ठरवीत नाही. ते पदार्थाचा स्वभाव व शरीराचा मार्ग पाहून अभ्यासकाने ठरवावयाचे असते.

८. परिभाषा आणि उपसंहार

शेवटी शब्दाविषयी. ‘कॅस्केड इम्पॅक्टर’ला ‘सोपान-आघातक’ असा प्रतिशब्द सुचविता येईल. ‘आघातक’ ह्या शब्दात उपकरणाचे तत्त्व येते, ‘सोपान’ ह्यात रचना. आणि दोहोंतही आकारमानाचा दावा नाही, हा ह्या शब्दाचा विशेष गुण होय. उलट ‘कण-चाळक’ किंवा ‘आकारवर्गक’ असे शब्द सोपे वाटले तरी ते मूळची चूक मराठीत कायम करतील. प्रतिशब्द रूढ होईल की मूळ नावच चालत राहील, हे वापरणारे ठरवितील. मात्र ‘आकारमान’ ह्या शब्दापुढे ‘वायुगतिकीय’ हे विशेषण लावण्यात कुचराई होता कामा नये.

सारांश असा की ह्या उपकरणाचा आकडा ग्राह्य धरण्यापूर्वी वाचकाने पाच गोष्टी मागाव्यात: व्यास वायुगतिकीय आहे की सूक्ष्मदर्शकाने मोजलेला; तबकडीला कोणता लेप दिला होता; नमुना किती वेळ व किती आर्द्रतेत घेतला; भिंतींवरील व तोंडाशी झालेल्या गळतीचा हिशेब केला काय; आणि प्रत्येक टप्प्याचे मूळ आकडे कोठे आहेत. ह्यांपैकी एकही मागणी अवघड नाही, आणि एकीचेही उत्तर उपकरण आपण होऊन देत नाही. खळ्यावर उफणणाऱ्याला वारा कोणत्या अंगाचा आहे हे आधी पाहावे लागते. वारा पडला असताना वेगळे झालेले धान तो खरे मानीत नाही. हवेतील धूळ निवडणाऱ्यानेही तेवढे पथ्य पाळावे.